रानपिंगळ्याची वाट

श्रद्धा आणि सबुरी ही जोडी शिर्डीमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली आहे, आणि वन्यजीवांचे निरीक्षण करणाऱ्यांच्या लेखनातही तिचा उल्लेख वारंवार येतो. परंतु श्रद्धा कशावर ठेवावी आणि सबुरी कोणत्या दिशेला तोंड करून धरावी, हा प्रश्न त्या लेखनात क्वचितच विचारला जातो. तो विचारणे किती आवश्यक आहे, हे दाखवणारी एक घटना महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी घडली आहे. रानपिंगळा हे सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचे लहानसे घुबड १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे कोणाही अभ्यासकाला खात्रीलायकरीत्या दिसले नाही, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या विरळ जंगलात ते दिवसाढवळ्या झाडावर बसलेले आढळले. मधल्या काळात त्याच्यासाठी कोणी पायपीट केली नाही, असे नाही. जाणकार आणि चिकाटीच्या माणसांनी त्याचा शोध घेतला होता. त्यांचा धीर खरा होता, पण ज्या नोंदीवर त्यांनी विश्वास ठेवला होता ती खोटी होती.

महाराष्ट्राच्या गावागावांत दिसणारा पिंगळा वेगळा. जुन्या वाड्याच्या भिंतीतील भगदाडात किंवा आंब्या-वडाच्या ढोलीत जोडीने राहणारा, संध्याकाळ होताच कलकलाट करणारा तो ठिपकेवाला पिंगळा होय, आणि त्याची भाषा आपल्याला कळते असे सांगत पहाटे दारोदार भविष्य वर्तवणाऱ्या पिंगळा जोशांमुळे मराठी लोकजीवनात त्याला जुने स्थान आहे. रानपिंगळा त्याच्यासारखाच दिसतो, परंतु त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, डोके आणि चोच अधिक दणकट असते, पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पट्टे असतात आणि पाय पांढऱ्या पिसांनी दाट झाकलेले असतात. हे फरक जवळून पाहिल्यावर स्पष्ट होतात. दुरून, पानांच्या आडून आणि घाईने पाहणाऱ्याला ते सहज चकवतात.

या पक्ष्याची पहिली शास्त्रीय नोंद १८७३ मधील आहे. ब्रिटिश प्रशासनातील अधिकारी आणि पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरातून आलेल्या एका नमुन्यावरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो मिळवणाऱ्या एफ. आर. ब्लूइट यांचे नाव त्याला दिले. नमुना म्हणजे पक्ष्याचे कातडे अलगद सोलून, आत कापूस भरून, टाके घालून वाळवलेले शरीर; त्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर तो कोणी, कोठे आणि कधी मिळवला हे लिहिलेले असते. चिठ्ठीवाचून नमुना जवळजवळ मुका असतो, कारण पक्षी कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या ऋतूत राहतो हे त्या दोन-तीन ओळींखेरीज दुसरे काहीही सांगत नाही. ह्यूम यांच्यानंतर भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना हा पक्षी ओडिशातील खरियार भागात मिळाला, आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी खानदेशात नोकरीवर असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा आणि तळोदा परिसरातून त्याचे आणखी काही नमुने गोळा केले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने आहेत, आणि त्यांतील बहुतेक डेव्हिडसन यांचे आहेत. त्याच सुमारास ह्यूम यांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमाची हस्तलिखिते घरातून रद्दीत विकली गेली. या आघातानंतर त्यांनी पक्षिशास्त्राचा नाद सोडला आणि आपला अवाढव्य संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. भारतीय पक्ष्यांचे एवढे बारकाईने टिपण ठेवणारा माणूस बाजूला झाला आणि रानपिंगळाही नोंदींतून नाहीसा झाला.

त्यानंतरची एकच नोंद पुढे पुस्तकांतून फिरत राहिली. ब्रिटिश सैन्यातील कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन (१८७८–१९६७) यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि तो १९१४ मध्ये गुजरातमधील तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. माइनर्ट्झहागेन हे त्या काळात पक्षिशास्त्रातील बडे प्रस्थ होते. त्यांनी सुमारे २०,००० नमुने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिले होते, आणि सालिम अली यांनी १९३७ मध्ये त्यांच्यासोबत अफगाणिस्तानचा अभ्यासदौरा केला होता. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका घेण्याचे कारण कोणाला वाटले नाही. सत्तरच्या दशकात स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिप्ले आणि सालिम अली यांच्यासारख्या अधिकारी अभ्यासकांनी या पक्ष्याचा शोध घेतला, तेव्हाही त्यांच्यासमोर सर्वांत अलीकडची नोंद म्हणून हीच नोंद होती. शोध निष्फळ ठरला आणि रानपिंगळा बहुधा नष्ट झाला असावा, असे मत बळावत गेले.

विज्ञानात श्रद्धेला स्थान नाही, असे सहज म्हटले जाते, पण ते खरे नाही. कोणताही अभ्यासक आपल्या आयुष्यात सर्व गोष्टी स्वतः तपासू शकत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाने तारीख आणि ठिकाण खरेच लिहिले असेल, या विश्वासावरच पुढच्या पिढीचे काम उभे राहते. म्हणून चिठ्ठीवरचे खोटे हे सामान्य खोट्यापेक्षा अधिक घातक असते, कारण ते दुसऱ्याचे कष्ट, पैसा आणि आयुष्यातील वर्षे चुकीच्या वाटेला लावते. या उलट ज्याने प्रामाणिकपणे पाहिले आणि लिहिले, त्याची नोंद तो गेल्यानंतरही इतरांच्या उपयोगी पडत राहते.

अशा प्रामाणिक पाहण्याचे सर्वोत्तम उदाहरण सालिम अली यांच्याच आयुष्यात सापडते, आणि ते अलिबागजवळच्या किहीम गावातले आहे. हाताशी नोकरी नसलेल्या काळात, १९३० च्या पावसाळ्यात, तेथील सुगरणींच्या वसाहतीजवळ आडोसा करून ते तासन् तास बसत आणि कोणत्या नराने कोणते घरटे कुठवर विणले, कोणती मादी कधी आली, याची रोजच्या रोज नोंद करीत. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणण्याचे काम नर करतो. तो घरटे अर्धे विणून थांबतो, माद्या येऊन ते तपासतात, एखादीने पसंत केले की तो ते पूर्ण करतो, आणि ती अंडी उबवू लागली की दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. एक नर एका हंगामात क्रमाने अनेक माद्यांशी जोडी जमवतो, ही गोष्ट या नोंदींतून उलगडली. सुगरणीचे घरटे कोकणातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते, परंतु एका सकाळी, एका घरट्याकडे पाहून हा क्रम कळणे शक्यच नव्हते. तो कळण्यासाठी तीच घरटी आणि तेच पक्षी रोज पाहावे लागले, आणि काहीही घडले नाही असे वाटणाऱ्या दिवसाचीही नोंद ठेवावी लागली. निरीक्षकाची सबुरी म्हणतात ती हीच, आणि तिला बसून राहण्याइतकीच लिहीत राहण्याची जोड लागते.

रानपिंगळ्याचे कोडे सुटायला सुरुवात झाली ती मात्र जंगलापासून फार दूर, संग्रहालयाच्या कपाटांत. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन या दक्षिण आशियातील पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची तयारी करीत असताना माइनर्ट्झहागेन यांच्या अनेक नोंदी त्यांना खटकू लागल्या. त्यापूर्वी १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी दुसऱ्या एका पक्षिगटाच्या बाबतीत माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील लबाडी दाखवून दिली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या रानपिंगळ्याची तपासणी आरंभली. कातडे सोलण्याची आणि भरण्याची प्रत्येक माणसाची स्वतःची अशी लकब असते. टाके कसे घालायचे, पंख कसे बांधायचे, आत काय आणि किती भरायचे, हे त्याच्या हाताला बसलेले असते आणि हस्ताक्षरासारखे ओळखू येते. क्ष-किरणांच्या साहाय्याने आणि बारकाईच्या तुलनेतून असे दिसून आले की मांडवीचा म्हणून ठेवलेला पक्षी मुळात डेव्हिडसन यांच्या हातचा होता; तो ब्रिटिश म्युझियममधून चोरून, उसवून, नव्याने भरून आणि शिवून, नवी चिठ्ठी लावून पुन्हा संग्रहालयालाच देण्यात आला होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ साधा होता. १९१४ ची नोंद बाद झाल्यावर रानपिंगळ्याच्या खऱ्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्याच उरल्या आणि त्यांची ठिकाणेही मोजकीच उरली: पूर्वेला छत्तीसगड आणि ओडिशातील, पश्चिमेला खानदेशातील. एका चुकीच्या ठिकाणावरचा विश्वास काढून घेतल्याबरोबर उरलेल्या ठिकाणांवरचा विश्वास अधिक सार्थ झाला, आणि पक्षी नष्ट झाला आहे हे मतही डळमळीत झाले, कारण जिथे तो असल्याचा खरा पुरावाच नव्हता तिथे तो सापडला नाही, यावरून तो नामशेष झाल्याचे सिद्ध होत नव्हते.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे या जुन्या ठिकाणांच्या शोधात भारतात आले. पूर्वेकडील ठिकाणी त्यांच्या हाती काही लागले नाही. शंभराहून अधिक वर्षांत तिथल्या जंगलांचे रूप पुष्कळ पालटले होते. मग ते शहाद्याला आले, जे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. सपाटीवरचे जंगल शेतीखाली गेलेले असले तरी सातपुड्याच्या उतारावर झाडी शिल्लक होती, आणि तिथे २५ नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंग यांना एका झाडावर बसलेला पिंगळा दिसला. माथा बिनठिपक्यांचा, पाय पांढरे, पट्टे रुंद. संग्रहालयातील नमुन्यांच्या शेकडो बारकाव्यांनी तयार झालेल्या नजरेला ओळख पटायला वेळ लागला नाही. पक्ष्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेण्यात आली, आणि डेव्हिडसन यांनी ११३ वर्षांपूर्वी लिहिलेली चिठ्ठी खरी ठरली.

शोधाच्या या कथेत एक गोष्ट विसरता कामा नये. शहादा, तळोदा आणि अक्राणी भागात भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाकूडफाटा, गुरेचराई आणि मोहाची फुले यांसाठी ही माणसे त्याच उतारांवरून रोज ये-जा करतात. रानपिंगळा हा दिवसा वावरणारा, उघड्या फांदीवर उन्हात बसणारा पक्षी असल्याने तो या माणसांच्या नजरेला पडत नसेल, असे मानणे कठीण आहे. जगाच्या दृष्टीने तो हरवलेला होता, याचा अर्थ पुस्तके लिहिणाऱ्यांच्या आणि डोंगरात राहणाऱ्यांच्या पाहण्याचा एकमेकांशी संवाद नव्हता, एवढाच धरणे न्यायाचे होईल.

आंध्र प्रदेशातील जर्डनच्या धाविकाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. जमिनीवर राहणारा हा निशाचर पक्षी १९०० नंतर दिसलाच नव्हता, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्याचा शोध आरंभला तेव्हा स्थानिक लोकांना त्याची चित्रे दाखवून विचारपूस करण्यात आली. जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा हाती लागला, तो एका स्थानिक पारध्याच्या मदतीने.

पुनर्शोधानंतर रानपिंगळ्याविषयीचे ज्ञान झपाट्याने वाढले, आणि त्याचे मोठे श्रेय भारतीय अभ्यासकांना आहे. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ-तळोदा परिसर, मेळघाट आणि लगतच्या मध्य प्रदेशातील जंगले पिंजून काढली. गिरीश जठार यांनी त्याच्या अधिवासाचा आणि वागण्याचा अभ्यास केला. प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेळघाट आणि कालीभीतच्या जंगलांत त्याच्या आणखी जोड्यांची नोंद केली. या कामातून उभे राहिलेले चित्र असे आहे: हा पक्षी सागाच्या शुष्क पानझडी जंगलात राहतो, म्हणजे उन्हाळ्यात पाने गाळणाऱ्या, मध्यम दाटीच्या आणि मधूनमधून मोकळ्या जागा असलेल्या रानात, फांदीवर स्थिर बसून खालच्या गवतावर नजर ठेवतो आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर, क्वचित लहान पक्षी पकडतो, जास्तीचे भक्ष्य झाडाच्या ढोलीत किंवा खाचेत साठवून ठेवतो. विणीचा काळ ढोबळमानाने ऑक्टोबर ते मे असा असतो, आणि नर-मादी एका ढोलीभोवतीचा आपला टापू राखून असतात. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी सांगताना बोधकथा रचणारे अडखळतील: काही प्रसंगी प्रौढ पक्ष्याने स्वतःचीच पिले खाल्ल्याचे दिसले आहे. वन्यजीव हे माणसाच्या सद्गुणांचे दृष्टान्त म्हणून जगत नाहीत. फांदीवरच्या रानपिंगळ्याची स्तब्धता ही भूक आणि गणित यांतून आलेली असते, आणि त्याच्याकडून काही शिकायचे तर ते त्याला संत न बनवता शिकले पाहिजे.

प्रत्येक प्रतीक्षेला फळ येते, असा समजही हा विषय जवळून पाहणाऱ्याने बाळगू नये. गुलाबी डोक्याचे बदक एके काळी बिहार-बंगालच्या दलदलींत होते. १९३५ च्या सुमारास बिहारमध्ये ते दिसल्याची नोंद झाली आणि त्यानंतर शोधमोहिमा निघत राहूनही सर्वमान्य पुरावा हाती आलेला नाही. मसुरी आणि नैनिताल भागातील हिमालयी लावा १८७६ नंतर मिळालेला नाही. या पक्ष्यांसाठी उंच गवताच्या उतारांवर आणि पाणथळींत हिंडणाऱ्यांचा धीर शहाद्याला आलेल्या तिघांपेक्षा कमी प्रतीचा नव्हता. त्यांच्या मोहिमांतून ‘या ठिकाणी, या ऋतूत, इतके पाहूनही दिसला नाही’ अशी जी नोंद उरते, तिचे मोल आहेच, कारण पुढच्याला त्याच जागी पुन्हा जावे की दुसरीकडे, हे ठरवायला तीच उपयोगी पडते.

अलीकडच्या काळात या सबुरीपुढे नवी अडचण उभी राहिली आहे. रानपिंगळ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून जंगलात वाजवला, तर आपल्या टापूत परका आला असे समजून तो उत्तर देतो किंवा जवळ येतो. सर्वेक्षणात या पद्धतीचा उपयोग ठरावीक वेळ आवाज वाजवून, मग शांत राहून ऐकण्यासाठी केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु छायाचित्रासाठी तोच आवाज मोबाइलवरून पुन्हा पुन्हा वाजवला जातो, तेव्हा पक्षी भक्ष्य शोधणे आणि ढोलीची राखण सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी झगडत राहतो. विणीच्या काळात हे थेट पिलांच्या जिवावर येते. जो पक्षी सूर्य वर येताच आपणहून उघड्या फांदीवर येऊन बसतो, त्याच्यासाठी अर्धा तास थांबण्याची तयारी नसणे, ही गोष्ट गंभीर मानली पाहिजे, आणि पक्षिनिरीक्षकांच्या मंडळांनी तिच्याविरुद्ध स्पष्टपणे बोलले पाहिजे.

दिवाळीच्या दिवसांत घुबडांवर ओढवणारे संकट याहून भयंकर आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याचे चित्र पूजेत मांडले जाते, त्याच पक्ष्याला धनप्राप्तीच्या लालसेने पकडून बळी देण्याची अघोरी प्रथा देशाच्या काही भागांत अजून टिकून आहे, आणि अमावास्येच्या आधी घुबडांच्या चोरट्या व्यापाराला जोर येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना पकडणे, मारणे आणि विकणे हा गुन्हा ठरवला आहे. अपशकुनाची भीती आणि मांत्रिकाचे आश्वासन या दोन्हींवर विसंबणारी ही श्रद्धा खोट्या चिठ्ठीवरच्या विश्वासाची सख्खी बहीण आहे: दोन्हींत तपासण्याची तयारी नसते, आणि दोन्हींची किंमत पक्ष्याला मोजावी लागते. सातपुड्यातील रानपिंगळ्यांना त्याखेरीज जंगलावरील अतिक्रमण, वणवे, ढोलीची जुनी झाडे तोडली जाणे आणि शेतातील विषारी औषधे यांचाही धोका आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये रानपिंगळ्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या गटातून ‘संकटग्रस्त’ या किंचित कमी धोक्याच्या गटात हलवले. जंगल वाढले किंवा पक्षी वाढले म्हणून हे घडलेले नाही. पाहणारे वाढले आणि नवी ठिकाणे कळली म्हणून घडले, आणि आजही जगातील प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे. या नव्या ठिकाणांपैकी सर्वांत अनपेक्षित ठिकाण तानसा अभयारण्य होते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाभोवतीचे हे रान पक्षिनिरीक्षकांच्या नेहमीच्या वहिवाटीतले, आणि तिथे २०१४ मध्ये रानपिंगळा आढळला, सातपुड्यातल्या ज्ञात ठिकाणांपासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला. त्यानंतर गुजरातमधील डांग भागातही त्याच्या नोंदी झाल्या. तानसा आणि सातपुडा यांच्यामध्ये जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ या तालुक्यांतील सागाची राने पसरलेली आहेत, आणि तिथल्या पिंगळ्यांच्या जुन्या नोंदी व छायाचित्रे पुन्हा काढून माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत, हे एकेक करून पाहणे, हे आता करण्यासारखे काम आहे.